रुमालाखालची पाच बोटं

"आक्का, दावा आपणच जिंकतोय." देशमाने वकिलांनी टेबलावरचा संगणकाचा पडदा तिच्याकडं वळवला.

हौसाक्का सरगरला वाचता येत होतं, पण चष्मा पिशवीत होता आणि चांगल्या बातमीला चष्मा लागत नाही. तिनं पदर सावरला, खुर्चीत जरा ऐसपैस बसली आणि विचारलं, "मग हरण्याला न्यायला कवा येऊ? उद्या का परवा?"

वकिलांनी घसा साफ केला. "तेच सांगायचंय. न्यायालयाच्या संगणकानं तारखेचा अंदाज दिलाय. सात वर्षं, चार महिने. समोरच्यानं अपील केलं तर पुढचं आणखी वेगळं."

सन २०४१ चालू होतं. माणदेशाच्या माळावर चालकाविना ट्रॅक्टर फिरत होते, कुठल्या शिवारात किती वाजता ढग येणार ते मनगटावर कळत होतं. निकाल कधी लागेल हे सांगणारा संगणकही आला होता. निकाल लवकर लावणारा मात्र अजून कुणाला जमला नव्हता.

हौसाक्कानं बोटांवर मोजलं. ती एकसष्टीची, भाऊ सहासष्टीचा, हरण्या पाच वर्षांचा. "तवर बैलाचं दात झिजत्याल आन् आमचं पडत्याल," ती म्हणाली. "मग त्यो निकाल काय कवळी लावून चावायचा?"

हरण्या म्हणजे काही ऐरागैरा बैल नव्हे. पांढराशुभ्र खिलार, मागं झुकलेली तलवारीसारखी शिंगं, चालायला लागला की जत्रेतली माणसं बोलायची थांबत. ट्रॅक्टर आल्यावर बैलाचं काम सुटलं, पण मान उलट वाढला. चांगला खिलार ज्याच्या दारात, त्याच्या नावानं गाव ओळखलं जाऊ लागलं. आणि याच बैलावरून हौसाक्का आणि तिचा थोरला भाऊ सिदाप्पा मेटकरी यांच्यात चार वर्षांपूर्वी जी पेटली, ती विझायचं नाव घेत नव्हती.

भांडणाचं मूळ साधं होतं. हौसाक्काच्या लग्नात बापानं तिला गाय आंदण दिली होती. त्या गाईच्या वंशातली गाय दुष्काळात उपाशी मरू नये म्हणून तिनं भावाच्या गोठ्यात नेऊन बांधली. तिथं गाय व्याली आणि हरण्या झाला. सिदाप्पा म्हणाला, गाय अर्धलीनं होती, म्हणजे सांभाळणाऱ्याचा निम्मा वाटा, आणि पहिलं वासरू माझं. हौसाक्का म्हणाली, बहीणभावात अर्धल कसली? ठेवताना दोघांनीही काही ठरवलं नव्हतं. "बघू की म्होरं" एवढंच बोलून दोघं चहा प्याले होते. परक्याशी सौदा करताना केसाचाही हिशेब मागणारी ही दोन माणसं एकमेकांशी मात्र "बघू की" म्हणाली. चूक असलीच तर एवढीच होती.

त्यानंतर खरसुंडीच्या जत्रेत कर्ण्यावरून पुकारलं गेलं, "सिदाप्पा मेटकरीचा हरण्या!" हौसाक्का गर्दीत बांगड्या भरत बसली होती. अर्धा हात भरलेला तसाच घेऊन ती उठली आणि पुढच्या आठवड्यात तिनं नोटीस धाडली. निकाल लागेपर्यंत बैल कुणाकडंच नको, म्हणून तो एका पैदास केंद्रात ठेवला गेला. तिथं तो सरकारी वैरण खात होता आणि ही दोघं एकमेकांच्या नावानं बोटं मोडत होती.

"मध्यस्थी करून बघा," देशमाने म्हणाले. "आता तर रुमालपण आलाय."

"जिकत असताना तडजोड? लोक तोंडात शेण घालत्याल."

देशमाने वकिलांनी पडदा पुन्हा आपल्याकडं वळवून घेतला. "आक्का, माझा आणि माझ्या भावाचा वाटणीचा दावा सोळा वर्षं चालला. मी जिंकलो. पेढे घेऊन घरी निघालो आणि वाटेत लक्षात आलं, चांगली बातमी असली की मी पहिला पेढा ज्याच्या हातावर ठेवायचो, त्यालाच हरवून आलोय. ते पेढे मी बसस्टँडवर वाटले."

जाताना हौसाक्कानं मध्यस्थी केंद्राचा पत्ता मागून घेतला.

*

रुमाल हे यंत्राचं नाव होतं, आणि ते नाव गुरांच्या बाजारातून आलं होतं.

बाजारात बैलाचा सौदा तोंडानं होत नाही. घेणारा आणि देणारा एका रुमालाखाली हात घालतात आणि बोटं धरून आकडा सांगतात. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी कुणाला काही कळत नाही. हौसाक्काचा बाप तातोबा मेटकरी या विद्येतला मोठा माणूस. त्यानं मुलाला ती शिकवलीच, पण मुलीलाही शिकवली. घरी जेवणं झाली की सतरंजीवर बसून बहीणभाऊ एकमेकांना लटक्या म्हशी विकत. तातोबाचा पहिला धडा होता, "पयला आकडा खरा सांगायचा न्हाई. खरा आकडा लई दमानं काढायचा." हौसा नऊ वर्षांची असताना भावाला इतक्या सफाईनं फसवायची की तो रडायला यायचा.

मध्यस्थी केंद्रातल्या शमा मुलाणी या चाळिशीच्या बाई. आधी वकिली केलेली, आता लोकांची भांडणं सोडवायच्या. त्यांनी हौसाक्काला आधी पाणी दिलं, मग यंत्र दाखवलं. टेबलावर एक पेटी, पेटीतून बाहेर आलेला मऊ रबरी हात आणि त्यावर लाल रुमाल.

"अग्गं बया, ह्यो कुणाचा?" हौसाक्का मागं सरली.

"कुणाचाच नाही. म्हणून तर याच्यावर विश्वास ठेवायचा," शमाबाई हसल्या. "मी एकेक गोष्ट वाचणार. तुम्हाला ती कितपत पटते ते बोटं धरून सांगायचं. एक बोट म्हणजे मुळीच नाही. पाची बोटं म्हणजे आनंदानं. तुम्ही काय धरलं ते मला कळणार नाही, तुमच्या भावाला नाही, यंत्राला सुद्धा नाही."

"यंत्राला न्हाई? मग काय देवाला?"

शमाबाईंना या प्रश्नाची सवय होती. "तुमच्या घरी काळा मसाला कोण करतं? समजा, तीन सुना आहेत. सासूनं एकीला एक तृतीयांश कृती सांगितली, दुसरीला दुसरी, तिसरीला उरलेली. एकटीला विचारलं तर तिला काहीच सांगता येणार नाही. पण तिघी चुलीपाशी आल्या की मसाला बरोबर होतो. तुम्ही बोट धरलं की त्याचा आकडा होतो आणि त्याच क्षणी त्याचे तीन तुकडे होतात. एक तुकडा तुमच्या वकिलांच्या संगणकात, एक समोरच्या वकिलांच्या, एक आमच्या. नुसता एक तुकडा म्हणजे कचरा. तिन्ही संगणक आपापल्या तुकड्यावर गणित करतात आणि आकडा न उघडताच शेवटी एकच गोष्ट बाहेर येते. ज्या मुद्द्यावर दोघांनीही चार किंवा पाच बोटं धरली, तेवढा मुद्दा. बाकीचं सगळं तिथंच पुसलं जातं."

"म्हंजी म्या जरा नमतं घेतलं आन् आप्पानं न घेतलं, तर माझं नमतं कुणाला दिसणार न्हाई."

"कुणालाच नाही. भांडणं मिटत नाहीत ती याच भीतीनं. मी हात पुढं केला आणि त्यानं नाही केला तर? इथं हात रुमालाखाली असतो."

दोन वर्षांत या यंत्रानं तालुक्याची हवा बदलली होती. बांधावरची भांडणं मिटली, एकाच चौकावर हक्क सांगणाऱ्या दोन मंडळांनी एक मंडप घातला. सोयरीक जमवणाऱ्यांनी तर रुमालाचा ध्यासच घेतला. मानपानाच्या याद्या रुमालात टाकल्यावर कळलं की दोन्हीकडच्या पोरांना मानपान नकोच होता. केंद्राच्या दारात म्हातारी माणसं शिळोप्याच्या गप्पा मारायला येऊन बसत आणि कुणाचं काय मिटलं ते बघत.

"आणि हे लक्षात ठेवा," शमाबाई म्हणाल्या. "मी न्यायाधीश नाही. मी काही लादणार नाही. तुम्हाला वाटलं त्या क्षणी उठून जाता येईल. या खोलीत बोललेलं कोर्टात जात नाही. पण दोघांनी सही केली की त्या कागदाला कोर्टाच्या निकालाइतकंच वजन."

शमाबाईंनी दोघांशी वेगवेगळं बोलून बारा प्रस्ताव काढले. हरण्या हौसाक्कांकडे राहावा. हरण्या सिदाप्पांकडे राहावा. सहा-सहा महिने राहावा. जत्रेत नाव कसं पुकारावं, भाऊबीज कुणाच्या घरी, असं सगळं.

ठरल्या दिवशी सिदाप्पा आला. चार वर्षांत हौसाक्कानं त्याला पहिल्यांदा जवळून बघितलं. फेटा तसाच कडक, मिशा पांढऱ्या, आणि भर उन्हाळ्यासारख्या उकाड्यात अंगावर शाल, उजवा हात पार झाकलेला. थंडी वाजतीय का काय म्हाताऱ्याला, असं तिच्या मनात आलं आणि लगेच तिला स्वतःचाच राग आला. आपण दावा लावलाय, काळजी कसली करायची?

ती आत गेली. रबरी हात कोमट होता, पण नाडी नव्हती. "हरण्या सहा-सहा महिने दोघांकडे राहावा," शमाबाईंनी वाचलं. हौसाक्काला ते तसं चाललं असतं. तिनं एक बोट धरलं. "भाऊबीज आलटून पालटून दोघांच्या घरी व्हावी." यावर तर तिला पाची बोटं धरायची होती. तिनं एकच बोट धरलं. बारापैकी एका मुद्द्यावर तिनं पाची बोटं धरली. हरण्या माझ्याकडं.

मग सिदाप्पा आत गेला.

अर्ध्या तासानं पेटीतून कागद आला. शमाबाईंनी तो वाचला, पालथा घातला, पुन्हा वाचला. बारा मुद्दे, जुळलेला एकही नाही.

*

"तीनशे प्रकरणं केली मी," शमाबाई हौसाक्काला आतल्या खोलीत एकटीला घेऊन बसल्या होत्या. "जीव घ्यायला निघालेल्या माणसांचेही तीन-चार मुद्दे जुळतात. तुमचा भोपळा का?"

"आप्पाला विचारा."

"त्यांनाही विचारणार आहे. आक्का, तुमचे वडील गुरांचा व्यापार करायचे ना?"

"व्हय."

"पहिला आकडा कसा सांगायचे?"

हौसाक्कानं जीभ चावली. मग तिला हसू यायला लागलं, आणि ते आवरेना. पदराचा बोळा तोंडात धरूनही आवरेना. साठ वर्षांची सवय! तिनं त्या बिचाऱ्या रबरी हाताशी सौदा केला होता. समोरचा वर चढेल, मग आपण खाली येऊ, मग चहा येईल, मग तो उठून गेल्याचं नाटक करील, मग आपण हाक मारू. आणि पलीकडं तिच्याच बापाच्या शाळेत शिकलेला तिचा भाऊ हेच करत बसला होता.

"ताकाला जाऊन भांडं लपवायचा प्रकार झाला हा," शमाबाईही हसत होत्या. "बाजारात खोटा आकडा चालतो, कारण समोरचा तो ऐकतो आणि पुढं सरकतो. इथं तुमचा आकडा कुणी बघतच नाही. मग तो वर असो की खाली, फसवणार कुणाला? यंत्र एवढंच म्हणतं, जुळलं नाही. इथं खोटं बोलून फक्त आपलंच नुकसान होतं. ज्यानं हे गणित मांडलं, त्यानं ते मुद्दाम तसं मांडलंय."

"म्हंजी पयलाच आकडा खरा सांगायचा?"

"पहिला आणि शेवटचा. त्यासाठी आधी एक करा. तुम्हाला नक्की काय हवंय ते शोधा. कोर्ट विचारतं बैल कुणाचा. मी तसं विचारत नाही. तुम्हाला काय हवंय ते सांगा. आठ दिवसांनी या."

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये हे हौसाक्का लहानपणापासून ऐकत आली होती. पायरी चढून वर गेलेल्यानं खाली कसं यायचं, ते मात्र तिला कुणी सांगितलं नव्हतं.

*

शुक्रवारी ती नेहमीप्रमाणं पैदास केंद्रात गेली. बैलाला हात लावायला दोघांनाही मनाई होती, कुंपणाबाहेरून बघायला नव्हती. हरण्यानं तिला बघितलं आणि मान हलवली. त्याच्या गळ्यात नवा गोंडा होता, निळ्या-लाल लोकरीचा, घुंगरू लावलेला.

"ह्यो कुणी घातला?" तिनं राखणदाराला विचारलं.

"सिदाप्पानं दिला, मी बांधला. दर मंगळवारी येत्यात की. तुम्ही शुक्रवारी, ते मंगळवारी. तुम्ही दिलेल्या पेंडीचं सांगतो मी त्यास्नी."

"मग काय म्हंतोय?"

"काय म्हणत न्हाईत. हसत्यात."

हौसाक्का गोंडा निरखत राहिली. लोकर चांगली होती, पण वीण ढिली. गाठी सुटत आलेल्या. तिला आठवत होतं तेव्हापासून सिदाप्पाचे कासरे आणि गोंडे सगळ्या जत्रेत ओळखू यायचे. गाठ मारली की ती बैल म्हातारा होईपर्यंत सुटायची नाही. ही गाठ त्याची नव्हती. किंवा होती, आणि काहीतरी बिनसलं होतं.

"म्हातारा झाला आप्पा," ती स्वतःशीच म्हणाली आणि तिथंच कुंपणाला टेकून बसली.

आपल्याला काय हवंय? बैल हवाय, हे ती चार वर्षं इतक्या जोरात बोलली होती की दुसरं काही ऐकूच आलं नव्हतं. आता जरा शांत बसल्यावर ऐकू आलं. कर्ण्यावरून नाव पुकारलं तेव्हा तिला बैल गेल्याचं दुःख झालं नव्हतं. बापानं दिलेली गाय, तिच्या अंगणात वाढलेला वंश, आणि त्यात आपलं नावच नाही, याचं झालं होतं. आपण मेटकऱ्यांच्या घरात कधी नव्हतोच की काय, असं वाटलं होतं. भावानं एकदा चारचौघांत म्हणावं, हौशीच्या गाईचं वासरू. बस. आणि भाऊबीजेला यावं. चार भाऊबीजा तिनं निरांजन लावून चंद्राला ओवाळलं होतं, आणि चंद्र काही मिशीतल्या मिशीत हसत नाही की ताटातली करंजी पळवत नाही.

मग बैल? बैल राहू दे त्याच्याकडंच. गोंडे करतोय बिचारा.

*

आठ दिवसांनी तिनं रबरी हाताला सगळं खरं सांगितलं. नाव पुकारण्याच्या मुद्द्यावर पाच. भाऊबीजेवर पाच, आणि तेही इतकी करकचून की पेटीनं बारीक आवाज केला. हरण्या सिदाप्पांकडे राहावा, पाच. हरण्या हौसाक्कांकडे राहावा, एक. पुन्हा रस्सीखेच नको म्हणून सहा-सहा महिन्यांनाही एकच.

सिदाप्पा आत जाऊन आला. या वेळी दोघांना एकाच टेबलाशी बसवलं होतं. दोघंही भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होते.

शमाबाईंचा चेहरा उजळला. "नऊ मुद्दे जुळले! 'हौसाक्कांच्या गाईचं वासरू' असं पुकारायचं, जुळलं. भाऊबीज, जुळलं. खरसुंडीला हरण्याला दोघांनी मिळून न्यायचं, जुळलं. कुणी कुणाकडं माफी मागायची नाही, हेसुद्धा जुळलं." मग त्या थांबल्या. "फक्त हरण्या राहणार कुठं, हे नाही जुळलं. तिन्ही पर्यायांवर काहीच नाही."

हौसाक्काच्या डोक्यात सणक गेली. एवढं सगळं सोडलं, तरी याचं अडेलतट्टूपण सुटत नाही!

"बघा की वो बाई!" ती उसळली. "ह्याला म्या पाची बोटं दिली! बैल ने म्हणलं, खुशाल ने! तरी ह्यो अडूनच!"

"कुणाला दिलीस?" सिदाप्पा चार वर्षांत पहिल्यांदा तिच्याशी बोलला. "म्या तुला देऊन मोकळा झालो की! बैल तुझ्याकडं, पाच बोटं! आन् तूच न्हाई म्हणलीस व्हय?"

"म्या कशाला घेऊ? तुझ्या दावणीला जलमला त्यो."

"तुझ्या गाईला जलमलाय!"

"चार वर्सं हेच सांगतीया म्या!"

"मग ने की आता!"

"न्हाई नेत जा!"

शमाबाईंनी आधी कागद खाली ठेवला, मग चष्मा काढला, मग टेबलावर डोकं टेकून हसायला लागल्या. यंत्राचं काहीच चुकलं नव्हतं. दोघांनीही आपल्याकडं नको म्हटल्यावर जुळणार काय? घ्यायचं भांडण मिटवायला बनवलेल्या यंत्राला देण्याचं भांडण दिसणारच नव्हतं. दाराबाहेर गप्पा मारणारी म्हातारी माणसं आवाज ऐकून उठून उभी राहिली.

"पर का?" हौसाक्कानं आवाज खाली आणला. "आप्पा, एवढं भांडलास. मग आता का नको?"

सिदाप्पानं शाल आणखी ओढून घेतली. "असंच. म्हातारा झालो."

शमाबाईंनी त्याच्याकडं बघितलं. त्यांना काहीतरी ठाऊक होतं हे हौसाक्काच्या लक्षात आलं, आणि त्या ते सांगणार नाहीत हेही. "सिदाप्पा," त्या हळूच म्हणाल्या, "यंत्राचं काम इथं संपलं. कुठं जुळतं ते ते सांगतं, का ते त्याला सांगता येत नाही. तुम्हाला चालत असेल तर हा रबरी हात बाजूला ठेवू. रुमाल तोच."

सिदाप्पानं मान हलवली.

लाल रुमाल टेबलावर पसरला. हौसाक्कानं खाली हात घातला. शालीखालून भावाचा हात आला आणि रुमालाखाली तिच्या हाताला लागला. सतरंजीवरच्या लटक्या म्हशींनंतर, बावन्न वर्षांनी. तिनं वाट बघितली. त्यानं तिचा हात धरला. अंगठा आणि एक बोट. एकच बोट.

एक म्हणजे मुळीच नाही.

आणि मग तिला कळलं. उरलेली तीन बोटं तिच्या तळहातावर नुसती पडून होती. थंड, सुकलेली. ती मिटत नव्हती. ती मिटायचा प्रयत्न करत होती.

गाठी ढिल्या का, शाल कशाला, बैल नको का, सगळं एका दमात कळलं. रबरी हाताशी त्यानं डाव्या हातानंच निभावलं असणार. कासरा धरायला हात नव्हता. आणि रुमालात हात घालून जगलेल्या माणसाचा हातच गेला होता. बाजारात कळलं असतं तर त्याच्यासमोर पुन्हा कुणी रुमाल धरला नसता. कोर्टात हे डॉक्टरच्या दाखल्यावरून मोठ्यानं वाचलं गेलं असतं.

हौसाक्काच्या डोळ्यांत पाणी आलं, पण चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. बापाची शिकवण होती ती. तिनं दुसरा हात रुमालाखाली घातला आणि भावाची तिन्ही बोटं, एकेक करून, आपल्या बोटांवर मिटवली. तीन. चार. पाच. मग वरून घट्ट दाबून धरली.

सिदाप्पाची मिशी थरथरली.

"ठरलं," हौसाक्का मोठ्यानं म्हणाली. "हरण्या माझ्या गोठ्यात. गोंडे आप्पा करंल, गाठ म्या मारीन. जत्रंत आप्पा फुडं चालंल, कासरा म्या धरीन. ल्हिवा बाई."

*

पौषात खरसुंडीला हरण्या आला तेव्हा कर्ण्यावरून पुकारलं गेलं, "हौसाक्का सरगरच्या गाईचं वासरू, सिदाप्पा मेटकरीनं वाढवलेला हरण्या!" हौसाक्कानं ते तीनदा पुकारायला लावलं. भाऊबीज होऊन गेली होती. करंज्या नेहमीप्रमाणं ओवाळण्याआधीच कमी झाल्या होत्या. देशमाने वकील पेढ्यांचा पुडा घेऊन आले होते आणि त्यातला एक पेढा त्यांनी वेगळा कागदात बांधून खिशात ठेवला होता. "भावाकडं चाललोय," एवढंच म्हणाले.

दुपारी जतकडचा मल्लाप्पा एका खोंडाच्या जोडीसाठी सिदाप्पाकडं आला. दोन वर्षं सिदाप्पा काही ना काही निमित्त सांगून सौदे टाळत होता. आज त्यानं रुमाल मागवला. हौसाक्का त्याच्या उजवीकडं खेटून उभी राहिली. रुमाल पसरला, मल्लाप्पानं हात घातला आणि तो थबकला.

"सिदाप्पा," तो मोठ्यानं हसला, "हातात बांगड्या कवापासनं भरल्या गा?"

भोवतीची माणसं हसली, मग गप्प झाली. मर्दाला बांगड्या विचारणं म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक होतं. आता पुढचं सिदाप्पानं ठरवायचं होतं.

सिदाप्पानं डाव्या हातानं रुमाल उचलला. सगळ्यांसमोर. बहिणीचा काचेच्या बांगड्यांनी भरलेला हात, आणि त्याच्या शेजारी आपला सुकलेला.

"तीन बोटं गेली माझी, मल्लाप्पा. दोन वर्सं लपवून हिंडलो, येड्यागत. पर आमच्या बापानं ही इद्या दोघांना शिकवलीया. आता माझं तोंड आन् हिचा हात. हातच्या काकणाला आरसा कशाला?" त्यानं मिशीवरून हात फिरवला. "आन् एक सांगतो, सांभाळून घाल हात. माझ्यासारखी ही कनवाळू न्हाई."

माणसं पुन्हा हसली, आणि या वेळी मल्लाप्पाही हसला. त्यानं हौसाक्काला रामराम घातला आणि बाही वर सरकवली.

सिदाप्पानं रुमाल पुन्हा पसरला. हौसाक्कानं मल्लाप्पाची बोटं धरली आणि पहिला आकडा सांगितला. अगदी खोटा, बापानं शिकवला होता तसा.